सोंग आपलं, दान फाशाचं: कोल्हापूरच्या पीसीवर ‘बाल्डर्स गेट ३’

पडक्या गावातली पवनचक्की गरगर फिरतेय आणि तिच्या पात्याला एक बुटका बांधलाय. खाली गॉब्लिन, म्हणजे खुजे राक्षस, खिदळत उभे आहेत. त्यांना दम भरायचा, थाप मारून वाटेला लावायचं की सरळ अंगावर घ्यायचं, ते तुम्ही ठरवायचं. हे उरकलं की चक्कीजवळ दोन खटके दिसतात. एक ब्रेक लावतो, दुसरा ब्रेक सोडतो. नाव न वाचता घाईत दुसरा ओढलात तर पातं भिंगरीसारखं फिरतं आणि बुटका आभाळात भिरकावला जातो. लाल अक्षरांत काही उमटत नाही, ‘पुन्हा प्रयत्न करा’ असंही कुणी म्हणत नाही. खेळ पुढे चालू राहतो. बरोबर खटका ओढला असेल तर हाच बुटका, बार्कस त्याचं नाव, पुढे जमिनीखालच्या जुन्या भट्ट्यांमध्ये भेटतो, ओळख देतो, आणि त्यानंतरही वाटेत येत राहतो. चुकीचा ओढला असेल तर त्या सगळ्या ठिकाणी तो नसतो. त्याच्या नसण्याची आठवणही कुणी करून देत नाही.

रोल-प्लेइंग गेममध्ये मजा कशाने येते याचं उत्तर बरेच जण आकड्यांत देतात. लेव्हल किती, तलवारी किती, नकाशा केवढा. आकडे वाढताना बघायला बरं वाटतं, पण तेवढं काम मोबाइलवरचा फुकटचा गेमसुद्धा करतो. सोंग घ्यायचं तुम्ही, आणि समोरच्या जगाने ते खरं मानून वागायचं, यात या खेळाचं मर्म आहे. थापाड्या चोर झालात तर दारावरचा पहारेकरी तुमच्याशी वेगळा बोलला पाहिजे. केलेली चूक दहा तासांनी दारात येऊन उभी राहिली पाहिजे. या एका कसोटीवर ‘बाल्डर्स गेट ३’ आजच्या बाजारातल्या बहुतेक गेमपेक्षा वरचढ आहे. दोष आहेत, त्यांतले काही डोकं उठवणारे आहेत, ते पुढे येतीलच.

गेम बेल्जियममधल्या गेन्टच्या लॅरियन स्टुडिओजचा. ऑक्टोबर २०२० पासून जवळपास तीन वर्षं तो कच्च्या रूपात लोकांच्या हातात होता, आणि पूर्ण होऊन पीसीवर ३ ऑगस्ट २०२३ ला आला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत, म्हणजे मुळात टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायच्या खेळाचे.

तीन हजार घालण्याआधी

“भावा, तीन हजार घालू का?” हा इथला पहिला प्रश्न. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात भारतातली किंमत २,९९९ रुपये, यूपीआयने भरता येते. सेलमध्ये २५ टक्के सूट मिळाली तर २,२५० च्या घरात येतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, तेव्हा हिशेब आधी करा. मुख्य कथा सत्तर-ऐंशी तासांची आहे, सगळे कोपरे धुंडाळले तर शंभराच्या वर जाते. हाच गेम गेमिंग कॅफेत तासावर खेळायचा म्हटलं आणि तासाला ५० रुपये जरी धरले, तरी ७५ तासांचे ३,७५० होतात. शिवाय कॅफेतला गोंगाट. हा संवाद ऐकायचा गेम आहे, शेजारी कुणीतरी ‘मागनं आला, मागनं आला’ ओरडत असताना त्याची मजा येत नाही.

स्टीमचा परतावा खरेदीपासून १४ दिवसांत आणि एकूण खेळ २ तासांपेक्षा कमी झाला असेल तरच सरळ मिळतो. इथे एक गोम आहे. पात्राचं नाक, शिंगं, केसांचा रंग ठरवण्यात पाऊण तास सहज जातो, आणि मेनू उघडा ठेवून जेवायला गेलात तर तो वेळही मोजला जातो. म्हणून पहिल्यांदा तयार पात्रांपैकी कुणीही निवडा, सुरुवातीच्या जहाजावरची मारामारी करा, किनाऱ्यावर उतरा आणि मशीन तग धरतंय का ते बघा. मनासारखं पात्र नंतर नव्या खेळात निवांत घडवा. जहाजावर नीट चाललं म्हणजे शेवटपर्यंत नीट चालेल असं मात्र नाही, कारण खरा भार तिसऱ्या भागातल्या शहरात पडतो.

मशीनचं सांगायचं तर कंपनीची किमान मागणी जीटीएक्स ९७० किंवा आरएक्स ४८० दर्जाचं ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅम आणि १५० जीबी जागा. शिफारस आरटीएक्स २०६० सुपर, १६ जीबी रॅम, आणि प्रोसेसर आय-७ ८७००के किंवा रायझन ५ ३६००. यातली ८ जीबी रॅमची गोष्ट कागदावरच राहू द्या. विंडोज आणि ब्राउझर मिळून निम्मी खातात, आणि शहरात शिरल्यावर खेळ अडखळतो. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत जुनं मशीन वाढवून घ्यायला जात असाल तर पैसे आधी एसएसडीत घाला, मग रॅममध्ये, कार्ड त्यानंतर. साध्या हार्ड डिस्कवर आवाज आधी येतो, चेहरा मागून, आणि दगडी भिंती काही क्षण मेणासारख्या गुळगुळीत दिसतात. सेटिंगमध्ये ‘स्लो एचडीडी मोड’ आहे, पण त्याने ठिगळ लागतं, दुखणं जात नाही.

१५० जीबी उतरवायला १०० एमबीपीएसच्या लाइनवर साधारण ३ तास २० मिनिटं, ४० एमबीपीएसवर सव्वाआठ तास. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर अडीच महिने, म्हणजे तो नादच नको. मित्राकडे गेम असेल आणि तुम्हीही विकत घेतला असेल, तर दोन्ही मशीन एकाच वाय-फायवर ठेवून स्टीमच्या ‘लोकल नेटवर्क ट्रान्सफर’ने फाइल थेट घेता येतात. इंटरनेटचा भार पडत नाही. हे नाव अनेकांना माहीत नसतं आणि उगाच रात्र रात्र डाउनलोड चालू राहतं. डिस्कवर नेमकी १५० जीबीच मोकळी ठेवू नका. मोठा पॅच येतो तेव्हा स्टीम जुन्या फाइल शेजारी ठेवून नव्या रचतो, त्यासाठी बरीच जादा जागा लागते, आणि ती नसेल तर अपडेट अर्ध्यावर लटकतो.

एप्रिल-मेमध्ये वळीव उठला की दिवे लुकलुकतात, आणि सेव्ह चालू असताना वीज गेली तर ती फाइल खराब होऊ शकते. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच ओढतो. आरटीएक्स ३०६० एकटं १७० वॉट घेतं, त्यावर प्रोसेसर, मॉनिटर, पंखे धरले की आपण काठावर असतो, आणि बॅटरी वर्षभर जुनी असेल तर वीज जाताक्षणी यूपीएसही मान टाकतो. १,००० व्हीएचा घ्या. लॅपटॉपवाल्यांनी उन्हाळ्यात फ्रेम, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, ६० वर, नाहीतर ४० वर बांधून टाकाव्यात. आळीपाळीने खेळायचा गेम आहे, १४४ फ्रेम इथे कुणाला दाखवायच्यात? सावल्या मध्यम, धुकं कमी, ‘डायनॅमिक क्राउड्स’ बंद, आणि कार्डाप्रमाणे डीएलएसएस किंवा एफएसआर (छोटं चित्र काढून ते मोठं करणारी सोय) ‘क्वालिटी’वर, एवढ्याने १०८०पीवर चित्र फारसं न बिघडता मशीन थंड राहतं. चित्र काढायच्या दोन पद्धती आहेत. व्हल्कनवर गेम मध्येच बंद पडत असेल तर लाँचरमधून डायरेक्टएक्स ११ निवडा.

वीस बाजूंचा फासा

बोलताना, कुलूप उघडताना, खोटं पचवताना पडद्यावर वीस बाजूंचा फासा गडगडतो. समजा पहारेकऱ्याला पटवायला १५ लागतात. तुमचं व्यक्तिमत्त्व, म्हणजे करिझ्मा, १६ किंवा १७ असेल तर त्याचे ३ मिळतात, ‘परसुएशन’, म्हणजे पटवायची कला, शिकलेलं असेल तर सुरुवातीला आणखी २. म्हणजे फाशावर १० किंवा त्याहून जास्त पडलं की काम झालं. शक्यता ५५ टक्के. आता शॅडोहार्ट या सोबतिणीकडचा ‘गायडन्स’ मंत्र त्याच खिडकीतून लावा. चार बाजूंचा एक छोटा फासा जास्तीचा मिळतो आणि शक्यता साडेसदुसष्टवर जाते. याऐवजी ‘ॲडव्हान्टेज’ मिळाला, म्हणजे दोन फासे टाकून मोठं दान घ्यायची मुभा, तर जवळपास ८०. दोन्ही एकत्र असतील तर ८९. तरीही एक पडला की गेलं, आणि वीस पडला की पेच कितीही अवघड असो, सुटला.

सोंगट्यांचा पट ज्यांनी घरात बघितलाय त्यांना यातली चव सांगावी लागत नाही. दान आपल्या हातात नसतं, पण दान पडेपर्यंतची तयारी असते. नशीब आणि बेत यांचं प्रमाण इथे बरोबर जमलंय. सगळं नशिबावर असतं तर कंटाळा आला असता आणि सगळं बेतावर असतं तर तो हिशेबाचा पेपर झाला असता.

नवखा खेळाडू बिघडतो तो एफ८ वर. एफ५ ने सेव्ह, एफ८ ने परत. दान वाईट पडलं की दाबला एफ८, पुन्हा टाकला फासा, पुन्हा एफ८. असं करून प्रत्येक संवाद जिंकता येतो आणि विसाव्या तासाला गेम बेचव लागायला लागतो, कारण सोंग उरतच नाही, उरते नुसती उत्तरपत्रिका. लॅरियनने हरलेल्या दानाच्या वाटाही मनापासून लिहिल्यात. थाप पकडली गेली की भांडण होतं, कधी तुरुंग, कधी भलताच सौदा. निदान पहिले दहा तास एफ८ फक्त सगळी टोळी गारद झाल्यावर वापरायचा असं ठरवून बघा. फारच जिवावर आलं तर ‘इन्स्पिरेशन’ आहे. पात्राच्या स्वभावाला साजेसं वागलं की ते मिळतं, चारपर्यंत साठतं आणि एक खर्चून फासा पुन्हा टाकता येतो. लोक ते शेवटच्या मारामारीसाठी म्हणून जपतात आणि साठा भरलेला असताना नवं मिळालेलं वाया घालवतात.

सेटिंगमध्ये ‘कार्मिक डाइस’ आधीपासून चालू असतो. तो फाशाला हळूच वळण देतो, म्हणजे अपयशाची लांब रांग लागू देत नाही. बंद करा. फासा खरा असला की वीस पडल्याचा आनंदही खरा असतो.

पात्र घडवताना

क्लास, म्हणजे पात्राचे पेशे, बारा आहेत आणि आठव्या पॅचनंतर, एप्रिल २०२५ पासून, त्यांच्या उपशाखांत आणखी बाराची भर पडलीय. घाबरायचं कारण नाही. सहा गुणांसाठी २७ अंकांचं भांडवल मिळतं, वर एकाला २ आणि एकाला १ फुकट. बोलघेवड्या बार्डसाठी, म्हणजे शाहिरासाठी, एक चालणारी मांडणी: ताकद ८, चपळाई १५ अधिक १, काटकपणा १४, बुद्धी ८, शहाणपण १०, करिझ्मा १५ अधिक २. भांडवल बरोबर संपतं.

यातली नेहमीची चूक विषम आकड्याची. १६ आणि १७ यांतून मिळणारा फायदा सारखाच, ३. त्यामुळे १७ ठेवला असेल तर चौथ्या लेव्हलला तो १८ करणारी काहीतरी निवड करायची, नाहीतर तो एक अंक नुसता पडून राहतो. दुसरी चूक क्लास मिसळायची घाई. पाचव्या लेव्हलला लढवय्यांना एका वेळी दोन वार मिळतात आणि जादूगाराला तिसऱ्या दर्जाचे मंत्र उघडतात, त्यातला ‘फायरबॉल’ सहा बाजूंचे आठ फासे टाकतो, सरासरी २८ चं नुकसान, तेही एका झटक्यात अनेकांना. चौथ्या लेव्हलला दुसऱ्या क्लासची चव बघायला गेलात तर हे सगळं लांबतं, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर मारामाऱ्या कडक होतात. पाचपर्यंत एकच वाट धरा.

चुकलं तरी बिघडत नाही. किनाऱ्याजवळच्या थडग्यात विदर्स नावाचा एक वाळकुंडा म्हातारा सापडतो आणि पुढे तो तुमच्या मुक्कामावर येऊन राहतो. थडगं चुकलं तरी येतो. १०० सोन्याची नाणी दिली की क्लास आणि गुण पहिल्यापासून मांडून देतो, कितीही वेळा. या म्हाताऱ्यामुळे गेममधली भीती निम्मी कमी झालीय. जुन्या रोल-प्लेइंग गेममध्ये पहिल्या पाच मिनिटांतली चूक चाळिसाव्या तासाला भोवायची. निर्णय भोगायला लावणं वेगळं आणि बेरीज चुकली म्हणून शिक्षा करणं वेगळं, हा फरक इथे ओळखलाय.

मारामारी म्हणजे कुस्तीच

खासबागेत कुस्ती बघणाऱ्याला ही लढाई पटकन उमगेल. ताकदीआधी जागा बघायची. प्रत्येक पाळीत एक मुख्य कृती, एक जोडकृती आणि ठरावीक अंतराची चाल, शिवाय समोरचा काही करायला गेला तर एक प्रत्युत्तर. उंचावर उभे असाल तर नेमात २ ची वाढ, म्हणजे वार लागायची शक्यता १० टक्क्यांनी वर. खाली असाल तर तेवढीच घट. शत्रू कड्याच्या टोकाला उभा असेल तर तलवार कशाला उपसता, ढकला. ढकलणं ही जोडकृती आहे, मुख्य वार शिल्लक राहतो. फक्त त्याच्या अंगावरचं सामानही दरीत जातं, एवढं लक्षात असू द्या. चांगल्या हत्याराचा धनी असेल तर त्याला वरच मारलेला बरा.

भोवतालची वस्तू न वस्तू कामाची आहे. पाण्याची बाटली फेकून शत्रूला भिजवा, ओल्या अंगावर वीज आणि थंडी दुप्पट लागते. आग मात्र निम्मी लागते, म्हणून आधी भिजवून मग जाळायला जाऊ नका, ही गफलत सर्रास होते. तेलकट ‘ग्रीस’वर ठिणगी पडली की अख्खी वाट पेटते. जमिनीखाली अजस्र मादी कोळी-किड्याच्या गुहेत ती जाळ्याच्या पुलावर उभी असताना पूल जाळला तर ती पार खाली आपटते आणि अर्धी कुस्ती तिथेच निकाली निघते. गॉब्लिनांच्या तळावर तर हत्यार न उपसता दारूत विष कालवून बऱ्याच जणांचा निकाल लावता येतो. हे डाव कुणी शिकवत नाही. सुचलं म्हणून करून बघावं आणि गेमने ‘हो, चालतंय की’ म्हणावं, हे इतक्या वेळा घडतं की माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो.

अशीच एक जागा मेलेल्यांशी बोलायची. ‘स्पीक विथ डेड’ने प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. पण त्याला तुम्हीच मारलं असेल तर ते तोंड फिरवतं. मग ‘डिस्गाइज सेल्फ’ने रूप पालटून जा, बोलतं. सोंगातलं सोंग! अशी एखादी जागा सापडली की लिहिणाऱ्यांनी किती खोल विचार केलाय ते कळतं.

मंत्रांच्या बाबतीत ‘कॉन्सन्ट्रेशन’ची खूण बघत चला. ही खूण असलेला दुसरा मंत्र टाकला की पहिला विरतो, आणि अंगावर वार बसला तरी तुटू शकतो. “मंत्र आपोआप गेला” ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते.

मुक्काम टाळू नका

सगळ्यात मोठी चूक न झोपण्याची. पूर्ण विश्रांतीला बॅलन्स्ड या मधल्या अवघडपणाच्या पातळीवर ४० शिधा लागतो, टॅक्टिशियन या कठीण पातळीवर ८०. तो संपेल या धास्तीने लोक जखमी टोळी ओढत नेतात. प्रत्यक्षात खाणं वाटेत इतकं पडलेलं असतं की शेवटी पेटीत ढीग उरतो. सापडेल ते ‘सेंड टू कॅम्प’ करा, ओझं पाठीवर येत नाही आणि झोपताना पेटीतलं आपसूक वापरता येतं. सोबत्यांच्या कथा पुढे सरकतात त्या बहुतेक मुक्कामावरच्या रात्रींत. अॅस्टेरियन या सोबत्याचं बिंग, गेलचं जादूच्या वस्तू मागणं, कार्लाकच्या छातीतल्या यंत्राचं दुखणं, हे प्रसंग रांगेत उभे असतात. झोपलाच नाहीत तर रांग तुंबते आणि काही प्रसंग कायमचे हुकतात. नंतर तेच लोक म्हणतात, सोबती कोरडे वाटले.

याला एक अपवाद. डोळ्यांसमोर घर जळत असेल आणि आतून हाका येत असतील, तर झोपून उठल्यावर राखच सापडेल. तातडीचं दिसलं ते आधी उरका. मधल्या वेळेला दोन छोट्या विश्रांती असतात, शिधा लागत नाही, निम्मी ताकद परत येते. टोळीत वॉरलॉक (एक जादूगार क्लास) असेल तर त्याचे मंत्र यातच भरून निघतात.

खटकणाऱ्या गोष्टी

इन्व्हेंटरी, म्हणजे सामानाची पिशवी, हा लक्ष्मीपुरीतला आठवडी बाजार. चार जणांच्या चार पिशव्या, त्यांत चिठ्ठ्या, किल्ल्या, बटाटे, मंत्राचे कागद एकावर एक. विकायचं ते सापडल्याबरोबर ‘ॲड टू वेअर्स’मध्ये टाकलं तर दुकानदारासमोर एका बटणात मोकळे होता, नाहीतर दर तासाला दहा मिनिटं आवराआवरीत. हे कंपनीने पुरतं सुधारलेलं नाही.

सोबती चालताना शुद्ध येडेपणा करतात. पुढच्याने सापळा ओळखून वळसा घातला तरी मागचा खुशाल त्यावर पाय देतो. सापळा दिसला की ‘जी’ दाबून टोळी सुटी करा आणि एकालाच पुढे न्या. पडलेल्या वस्तू बघायला डावा ऑल्ट, लपायला ‘सी’.

वाईट माणसाचं सोंग घ्यायची मुभा आहे, पण त्या वाटेवर पान अर्धं रिकामं. पहिल्या भागात गॉब्लिनांच्या बाजूने उभे राहिलात तर विल आणि कार्लाक हे सोबती सोडून जातात, निर्वासितांशी जोडलेल्या पुढच्या कितीतरी गोष्टी मिटतात, आणि बदल्यात मिळणारं त्या मानाने तोकडं आहे. निर्णयाचे परिणाम दाखवणाऱ्या गेमकडून इथे जास्त अपेक्षा होती. पहिल्या खेपेला ही वाट धरू नका.

लेव्हल बारावर थांबते. कोपरे धुंडाळणारा खेळाडू तिथे तिसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच पोचतो आणि पुढचा सगळा अनुभव हिशेबात धरला जात नाही. त्याच भागात शहरातल्या गर्दीमुळे प्रोसेसर धापा टाकतो. पॅचांनी सुधारणा केली असली तरी चार कोरच्या जुन्या मशीनवर तिथे ३० फ्रेम टिकवणं कठीणच.

भाषा. मराठी नाही, हिंदीही नाही. इंग्रजी वाचनाचा सराव नसेल तर सबटायटल मोठी करा आणि निदान चार शब्द पाठ ठेवा: परसुएशन म्हणजे पटवणं, डिसेप्शन म्हणजे थाप, इंटिमिडेशन म्हणजे दम, इनसाइट म्हणजे समोरच्याच्या पोटातलं ओळखणं. उत्तर निवडायची वेळ आली की संवाद तुम्ही निवडेपर्यंत थांबतो, त्यामुळे शब्द शोधायला वेळ मिळतो. आणि हो, गेम अठरा वर्षांवरच्यांसाठी आहे. रक्त, शिव्या, नग्नता सगळं आहे. नग्नता सेटिंगमधून झाकता येते, बाकीचं नाही. घरातला मोठा मॉनिटर हॉलमध्ये असेल तर ती दोन बटणं आधी शोधून ठेवलेली बरी.

दोघं-चौघं मिळून

ऑनलाइन किंवा लॅनवर चौघं, एका पडद्यावर दोघं. पेठेतल्या एखाद्या खोलीत एकाच पीसीवर दोघांनी खेळायचं असेल तर दोन कंट्रोलर लागतात. एकाने कीबोर्ड आणि दुसऱ्याने कंट्रोलर असं पीसीवर जमत नाही, आणि हे बऱ्याच जणांना एक कंट्रोलर आणल्यावर कळतं. पडदा दुभंगला की कार्डाचा भारही वाढतो, सेटिंग एक पायरी खाली आणा.

दुसरी भानगड बोलण्याची. जो आधी पुढे होतो त्याच्याच गुणांवर संवाद चालतो. करिझ्मा ८ असलेला पैलवान घाईघाईत सरपंचाशी बोलायला गेला की चांगला जमणारा सौदा बोंबलतो आणि बार्ड मागे नुसता ऐकत उभा. तोंड कुणी उघडायचं ते आधीच ठरवून घ्या. मध्येच कुणाची परीक्षा आली, कुणी पुण्याला गेला, तर मुक्कामावर विदर्सजवळ कपाट आहे, गेलेल्या मित्राचं पात्र त्यात ठेवून जागी सोबती घेता येतो. चौघांचा खेळ दर रविवारी तीन तास धरला तर वर्ष सहज खातो, आणि तेवढा काळ चार जणांची वेळ जुळवणं हीच त्यातली सगळ्यात अवघड पातळी.

‘ऑनर मोड’ पहिल्या खेपेला नको. एकच सेव्ह, आणि मोठ्या शत्रूंना जादा डाव मिळतात. तिथे पवनचक्कीचा चुकीचा खटका ओढला तर ओढला.

मशीन झेपत नसेल तर याच कंपनीचा २०१७ चा ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’ बघा. ६० जीबी जागा, किमान मागणीत जीटीएक्स ५५० आणि ४ जीबी रॅम. पाणी, वीज, आग, तेल यांचे डाव तिथे आणखी मोकळे आहेत, सोबती मात्र एवढे जिवंत नाहीत. मारामारीत रस नसेल आणि इंग्रजी वाचन दांडगं असेल तर २०१९ चा ‘डिस्को एलिझियम’. त्यात लढाई अशी नाहीच, एक पोलीस, एक प्रेत आणि स्वतःच्या डोक्यातल्या आवाजांशी वाद. फासे तिथे सहा बाजूंचे, दोन टाकायचे, आणि हरलेल्या दानाचे संवाद कधीकधी जिंकलेल्यापेक्षा खुमासदार.